वाढवणमागच्या डहाणूविषयी

माननीय अध्यक्ष,
जवाहरलाल नेहरू पोर्ट प्राधिकरण, यांस


छत्रपती संभाजीनगरात, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या मनुष्याने बंदराच्या मामल्यात तोंड घालावे, ही अनधिकार चेष्टा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचा माल आपल्याच न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, शेजारच्या जालन्यात ड्राय पोर्टची तजवीज आपणच केली, आणि डहाणू तालुक्यात वाढवण येथे 76,200 कोटी रुपयांचे जे बंदर होऊ घातले आहे त्याच्या लाभार्थ्यांत आमचीही गणना होणार, हे उघड आहे. ज्याच्या नावे लाभ मांडला जातो त्याने त्याचा हिशेब मागू नये काय?

1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. उद्योगांसाठी अवघ्या तालुक्यात कमाल 500 एकर जमीन आणि सभोवार 25 किलोमीटरचा संरक्षक पट्टा, असा तो बंदोबस्त होता. त्याच्या बळावर, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 साली वाढवणचे बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने 2023 साली त्यास मुभा दिली. मधल्या काळात बंदरे उद्योगांच्या वर्गवारीतून वगळण्यात आली होती. त्यामुळे 500 एकरांची मर्यादा दफ्तरी अबाधित राहिली, आणि समुद्रात 1448 हेक्टरांचा, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून अधिक, भराव घालण्याची वाटही मोकळी झाली. निजामी अमदानीतल्या मुरब्बी कारकुनानेही या चातुर्यास मुजरा केला असता.

बंदर होऊच नये, असे मी म्हणत नाही. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि मराठवाड्यातील हजारो घरांत नियमित पगार येऊ लागला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण कारखान्यांचे भूखंड आखलेले होते. त्यांच्यामागून रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावांत भाड्याच्या खोल्यांची जी दाटी झाली, ती कोणी आखली नव्हती. पाण्याचेही तेच: शंभराहून अधिक गावे पोटात घेऊन 1976 साली उभा राहिलेला नाथसागर जलाशय आमच्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरांवर आहे, आणि तरीही शहराच्या कित्येक वस्त्यांत नळाची पाळी दिवसच्या दिवस येत नाही.

डहाणूवर अजून यातले काही ओढवलेले नाही. घोलवडचा चिकू, बांबूंच्या दांड्यांवर वाळणारे बोंबील, आणि वरोरसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत घरोघर पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरणारे ‘डाय’चे कारागीर, ज्यांच्या साच्यांतून दूरदूरचे सराफ माल घडवून घेतात, असा तिथला चरितार्थ आहे. त्यास मागासलेपण म्हणणे मला साफ नामंजूर आहे.

म्हणून माझा अर्ज बंदरामागच्या जमिनीपुरता आहे. बंदरापाठोपाठ येणारी गोदामे, वसाहती आणि वाहनतळ यांना 500 एकरांची मर्यादा व 25 किलोमीटरचा पट्टा लागू राहील, असा लेखी खुलासा आपण करावा, आणि त्यांचा नकाशा वाढवण, वरोर, चिंचणीच्या ग्रामसभांपुढे मराठीत, जमिनीचे सौदे होण्यापूर्वी, ठेवावा. आमच्या मालासाठी डहाणूत गोदाम बांधण्याचे कारण नाही. तो जालन्यातच कंटेनरमध्ये भरून, कस्टमची मोहोर लागून निघावा, यासाठीच तर ड्राय पोर्टची योजना आहे.

आपला,
संभाजीनगरचा एक रहिवासी