पाठीवरचं नाव



गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की यंदा हैदराबाद मॅरेथॉनमधली अर्धी मॅरेथॉन दादा आणि मी एका संस्थेला निधी जमवून देण्यासाठी धावलो. त्यावर मंडळातल्या एका काकांचा फोन आला. "अरे, पैसे द्यायचे तर सरळ द्या ना. त्यासाठी पहाटे उठून एकवीस किलोमीटर पळायचं काय कारण? आणि तुम्ही पळून दुसऱ्याचं दुःख कमी होतं का?" प्रश्न रास्त आहे, पण फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून या महिन्याचा लेख त्यालाच.

आधी ही पद्धत कशी चालते ते सांगतो. मी ती पहिल्यांदा जवळून पाहिली इंग्लंडमध्ये, ऑफिसच्या कामासाठी दोन वर्षं न्यूकॅसलला होतो तेव्हा. तिथे दर सप्टेंबरमध्ये 'ग्रेट नॉर्थ रन' असते. ऑलिम्पिक पदकविजेता धावपटू ब्रेंडन फॉस्टर याने ती १९८१ मध्ये सुरू केली. न्यूकॅसलहून निघायचं, टाइन नदीवरचा पूल ओलांडायचा आणि २१.१ किलोमीटरनंतर साउथ शील्ड्सच्या समुद्रकिनारी पोहोचायचं. हल्ली पन्नास हजारांहून जास्त माणसं धावतात. त्यातल्या बऱ्याच जणांना जागा मिळते ती एखाद्या सेवाभावी संस्थेमार्फत. संस्था आयोजकांकडून काही जागा घेऊन ठेवते आणि त्या धावणाऱ्यांना देते. धावणारा त्या बदल्यात ठराविक रक्कम जमवून देण्याचं कबूल करतो. मग तो मित्र, नातेवाईक, ऑफिसातली माणसं अशा सगळ्यांना आवाहन पाठवतो. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते, तिथेही संस्थांसाठी निधी जमवणारे धावपटू असतात.

न्यूकॅसलच्या ऑफिसात माझ्यापासून दोन टेबलं सोडून टेस्टिंगमधला एक जण बसायचा. वर्षभर आमचं बोलणं कामाचं आणि हवामानाचं. एका उन्हाळ्यात त्याचा सगळ्यांना मेल आला. तो 'सँड्स'साठी धावणार होता. जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच बाळ गमावलेल्या आईबापांसाठी ही संस्था १९७८ पासून काम करते. मेलमध्ये रडारड नव्हती. एवढंच होतं, की आमची मुलगी जन्मली तेव्हा तिचा श्वास चालू नव्हता, आणि ती असती तर या सप्टेंबरमध्ये शाळेत गेली असती. खाली तिचं नाव होतं.

त्या दिवशी त्याच्या टेबलाशी माणसं येऊन जात होती. कुणी नुसतं खांद्यावर हात ठेवून गेलं. आमचा मॅनेजर, कधी घरचा विषय न काढणारा, त्याला म्हणाला, "आमचाही एक मुलगा होता." शर्यतीच्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. समोरून जाणाऱ्या कितीतरी पाठींवर नावं होती. आई, बाबा, भाऊ, आणि लहान मुलं.

मला सारखी आमच्या काचीगुड्याच्या घराची आठवण येत होती.

त्याच्या तीन वर्षं आधी माझ्या वहिनीचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. आपल्याकडे माणूस गेलं, की काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. दहा दिवस सुतक, दहावा, बारावा, तेरावा. लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात. पण इतकं लहान बाळ गेलं तर बहुतेक घरांत यातलं काहीच होत नाही. दहन नाही, दिवस नाहीत, वर्षश्राद्ध नाही. दादा आणि एक काका दुपारी जाऊन आले, आणि झालं. आईने दुपटी घडी करून माळ्यावर ठेवली. येणारे म्हणत, "वय आहे अजून, होईल दुसरं." म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. वहिनीला वाईट वाटू नये म्हणून आम्ही गप्प होतो, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून वहिनी.

गंमत अशी, की आपला कायदा या बाळांना मोजतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 'जन्म' या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं बाळही येतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातही 'मूल' म्हणजे मृत जन्मलेलं मूलसुद्धा, असं स्पष्ट लिहिलं होतं. सरकारी कागदावर जिला जागा होती, तिला घरातल्या बोलण्यात नव्हती.

हैदराबादला परत आल्यावर मी आधी वहिनीला विचारलं, मग दादाला. मी म्हटलं, "तुमची हरकत असेल तर हा विषय इथेच संपला." वहिनी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही तिचं नाव ठरवलं होतं. तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

शर्यत ऑगस्टमध्ये होती. दादा आयुष्यात बसच्या मागेसुद्धा पळालेला नाही. आम्ही मार्चपासून रविवारी पहाटे नेकलेस रोडला जायला लागलो, सुरुवातीला दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. पाचव्या-सहाव्या रविवारी, हुसेनसागराकडे बघत, तो आपणहून बोलायला लागला. त्या दिवशी दवाखान्यात काय झालं, तिचं नाक कुणासारखं होतं, सगळं. समोरासमोर बसून तो हे मला कधीच सांगू शकला नसता. शेजारी शेजारी धावताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि दम लागला की गप्प बसायला निमित्तही मिळतं. नंतर इराणी चहा पिताना आम्ही क्रिकेटवर बोललो.

आवाहनातली चार वाक्यं वहिनीने लिहिली. संस्था छोटी आहे. घरातलं माणूस, विशेषतः मूल, गेलेल्या कुटुंबांना समुपदेशक मिळवून देते आणि महिन्यातून एकदा अशा आईबापांना एकत्र बसवते. तिथे कुणी उपदेश करत नाही, बोलणाऱ्याचं ऐकून घेतात. आमच्याकडून ८६ जणांचे मिळून १,३८,००० रुपये जमले. समुपदेशकाच्या एका तासाला संस्थेला ८०० रुपये पडतात, म्हणजे सुमारे १७२ तास. एका कुटुंबाला सहा बैठका धरल्या तर अठ्ठावीस कुटुंबं. काकांच्या प्रश्नाचं हे हिशेबी उत्तर. आम्ही दोघांनी गुपचूप चेक दिला असता तर यातली चार-पाच कुटुंबं झाली असती.

पण खरं उत्तर आलेल्या निरोपांमध्ये होतं. आपल्याच मंडळातल्या एका आजींनी ५०१ रुपये पाठवले. सोबत लिहिलं होतं: "आमचाही होता. १९७४, आषाढात. नाव ठेवू दिलं नाही." या आजींना मी लहानपणापासून दर गणेशोत्सवात भेटतो. आपल्या आज्या सहज सांगायच्या, "मला सात झाली, पाच राहिली." त्या दोघांबद्दल आपण कधी विचारलं का?

नुसते पैसे दिले की पावती मिळते. धावायचं ठरवलं की शंभर माणसांना कारण सांगावं लागतं, आणि सांगताना त्या बाळाचं नाव घ्यावं लागतं. तेरावा ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्या दारात माणसं येण्याचं हे एक निमित्त आहे. दुःख कमी होतं का, ते मला सांगता येणार नाही. पण यंदा दादाच्या बनियनवर पाठीमागे तिचं नाव होतं, आणि शेवटच्या चढावर अनोळखी माणसं ते नाव मोठ्याने वाचून त्याला "चलो, चलो" म्हणत होती. आमच्याशिवाय कुणी ते नाव उच्चारण्याची ती पहिलीच वेळ.

कुणाला असं धावायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांना आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. मात्र ती सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हेही देणाऱ्यांना सांगा. प्रवेशशुल्क आणि बूट यांचा खर्च आपल्या खिशातून करा. एकवीस झेपत नसेल तर पाच किलोमीटर चाला. पाठीवरचं नाव तेवढ्यातही वाचता येतं.

पुढच्या महिन्यात बुटांबद्दल. फार दिवस लांबणीवर पडलं आहे.