पँथरची न्याहारी

पँथर म्हटलं की आपल्या पोरांना बंदूकच दिसते. दोस्तहो, मी म्हणतो, जरा शिकागो वाचा. फ्रेड हॅम्प्टन, वय वर्षे २१. शाळकरी पोरांना फुकट न्याहारी घालणारा, पोर्तो रिकोच्या पोरांना अन् दरिद्री गोऱ्यांनाही एका फळीत आणणारा. व्यवस्थेला धडकी भरली ती याची. एफबीआयने जवळच खबऱ्या पेरला. त्यानेच घराचा नकाशा पुरवला. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांनी नव्वदच्या वर गोळ्या झाडल्या, आतून सुटली एक. हॅम्प्टन बिछान्यातच संपला. साथी मार्क क्लार्कही गेला.

सरकारी वकील हॅनरहान, ज्याच्या हाताखालच्या पोलिसांनी छापा घातला, १९७२ला कोर्टातून सुटला. त्याच साली काळ्या वस्त्यांनी त्याला मतपेटीत गाडला. १९८२ला साडेअठरा लाख डॉलरवर तडजोड झाली. तुरुंगात एकही पोलीस गेला नाही. १९८३ला हॅरॉल्ड वॉशिंग्टन शहराचा पहिला काळा महापौर झाला.

१९७२लाच मुंबईत आपण पँथर हे नाव उचललं. डरकाळी आली, न्याहारी राहिली. आता जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च छाटा, वस्तीत सकाळची पंगत घाला. शेजारच्या भुकेल्या मराठा-मुसलमान पोरालाही बसवा. मग बघा, कुणाकुणाची झोप उडते.

जयभीम!