रस्ता सर्वांचा

वर्गात मी वाहतुकीच्या नियमांविषयी बोलत होतो. दारू पिऊन वाहन चालवणे हा गुन्हा आहे, असे मी फळ्यावर लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, "सर, आमच्या घरात दारूला कोणी शिवतसुद्धा नाही. मग हे आम्हांला कशाला शिकायचे?" वर्गात हशा पिकला. मला मात्र त्याचा प्रश्न आवडला. मित्रांनो, त्याचेच उत्तर मी येथे देत आहे.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर काही मजूर पदपथावर झोपले होते. एक भरधाव मोटार थेट त्यांच्या अंगावर आली. ७ मजूर मरण पावले. मोटार चालवणारा तरुण दारू प्यायलेला होता. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ साली त्याची ३ वर्षांची शिक्षा कायम झाली. त्या मजुरांच्या हातात ना प्याला होता, ना गाडी. ते फक्त झोपले होते. म्हणून मी म्हणतो, आपण पीत नाही एवढ्याने आपण सुरक्षित होत नाही. रस्ता सर्वांचा आहे आणि रस्त्यावरचा धोकाही सर्वांना आहे.

दारूने नेमके काय होते? माणसाची नजर मंदावते. समोरचा धोका लक्षात यायला आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे केवळ अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तरी गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात रस्ता ओलांडणारे एखादे मूल असू शकते. आणखी वाईट गोष्ट अशी, की दारू माणसाला खोटा धीर देते. "मला काही झालेले नाही," असे तो छातीठोकपणे सांगतो. अशा माणसाला स्वतःची पारख करता येत नाही. ती दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. ते काम पोलिसांचे.

पोटातील दारू रक्तात मिसळते. रक्तातून ती फुफ्फुसात येते आणि श्वासाबरोबर बाहेर पडते. म्हणून पोलीस चालकाला एका यंत्राच्या नळीत फुंकर मारायला सांगतात. आपल्या देशातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे प्रकरण रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही. ते न्यायालयात जाते.

२००७ साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी अशा चालकांविरुद्ध मोठी मोहीम सुरू केली. रात्री नाकाबंदी होऊ लागली. चालकांचे परवाने निलंबित झाले. काहींना तुरुंगातही जावे लागले. तेव्हापासून अनेक जण मेजवानीला जाताना गाडी घरी ठेवून टॅक्सीने जाऊ लागले. यातून मला एक गोष्ट पटली. दंड किती मोठा आहे, याला माणूस तितका भीत नाही. आपण नक्की पकडले जाऊ, याला तो भितो. म्हणून नाकाबंदी केवळ ३१ डिसेंबरच्या रात्री नको. ती वर्षभर हवी आणि महामार्गांवरही हवी. ठिकाणे बदलती हवीत, नाहीतर चालक गल्लीबोळांतून पळ काढतात.

नुसती कडक तपासणी पुरेशी नाही, ती प्रामाणिकही हवी. मे २०२४ मध्ये पुण्यात एका १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. त्यानंतर मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. हे वाचून मला फार दुःख झाले. ओळख, पैसा किंवा चिरीमिरी यांपुढे कायदा वाकला, तर ते यंत्र काय कामाचे?

आता तुमच्याविषयी. पोलीस प्रत्येक वळणावर उभे राहू शकत नाहीत. पण प्रवासी प्रत्येक गाडीत असतो. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी भाड्याने घेतली आणि चालकाच्या तोंडाला वास आला, तर अब्बांना किंवा चाचांना लगेच सांगा. "उशीर होईल, बसा गुपचूप," असे कोणी म्हणाले, तरी नम्रपणे पुन्हा सांगा. रिक्षावाला झोकांड्या देत असेल, तर त्या रिक्षात बसू नका. उद्या तुमच्याही हातात गाडी येईल. दारू प्यायलेल्या मित्राने तुमच्याकडे चावी मागितली, तर ती देऊ नका. असा गुन्हा करायला मदत करणाऱ्यालाही कायद्यात शिक्षा आहे. मित्र रागावेल, पण सकाळी तो जिवंत असेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला माझे एवढेच सांगणे आहे : बेटा, तू दारू पीत नाहीस, हे फार चांगले आहे. आता जो पितो, त्याला गाडीवर बसू देऊ नकोस.