शिकलेल्या हातांना तेलाची लाज का?

संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात उतरण्याचा विचार एखाद्या तरुणाने घरात बोलून दाखवला, तर आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबात काय घडते हे सांगायला ज्योतिषी नको. आई डोळ्यांना पदर लावते, वडील ‘एवढ्यासाठीच का तुला अभियंता केले?’ असे विचारतात, सासरची मंडळी काळजीच्या सुरात चौकशी करू लागतात. याच तरुणाने नोकरी सोडून परदेशी जाण्याचा बेत सांगितला असता, तर पेढे वाटले गेले असते. जोखीम दोन्ही निर्णयांत आहे, घडी दोन्हींत विस्कटते. मग एकाचे कौतुक आणि दुसऱ्याचे सुतक, असे का?

उत्तर सोपे आहे, पण ते उच्चारण्याचे धैर्य आपल्यात नाही. आपला खरा आक्षेप मिळकतीला नसून काळ्या पडलेल्या नखांना आहे. श्रमप्रतिष्ठेवरची व्याख्याने आपण तन्मयतेने ऐकतो, टाळ्या वाजवतो. परंतु ती प्रतिष्ठा आपल्याच दिवाणखान्यात ग्रीसचे डाग घेऊन आली, की तिला मागच्या दाराने आत घेतो. खंडेनवमी-दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो. जो हात ती गाडी वर्षभर चालती ठेवतो, त्याला मात्र चहाचा पेला अंगणातच देतो. यंत्राची पूजा आणि यंत्र जाणणाऱ्याची उपेक्षा, हा ढोंगीपणा नव्हे तर काय?

पहिला युक्तिवाद असतो सुरक्षिततेचा. संगणक कंपनीतील नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, ही समजूत हिंजवडीत पहिल्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कदाचित खपून गेली असेल. आज ती खपणार नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या, स्थैर्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची कपात करण्याचे जाहीर केले. पंचेचाळिशीत पोहोचलेला, गृहकर्जाचे हप्ते फेडणारा माणूस सकाळी एका पत्राने बेकार होऊ शकतो, हे आता उघड झाले आहे. उलट रस्त्यात बंद पडलेली गाडी साता समुद्रांपलीकडून कुणी दुरुस्त करून देत नाही. तिच्यापाशी कुणाला तरी जावेच लागते, बॉनेट उघडावेच लागते.

दुसरा युक्तिवाद असतो शिक्षण वाया गेल्याचा. हे म्हणणाऱ्यांनी अलीकडे एखाद्या चांगल्या गॅरेजात तासभर उभे राहून पाहावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषणमानके लागू झाली. चौथ्या टप्प्यावरून पाचवा वगळून आपण थेट सहाव्यावर गेलो. आजच्या मोटारीत इंधन किती आणि केव्हा सोडायचे हे छोटे संगणक ठरवतात आणि ठिकठिकाणचे सेन्सर त्यांना माहिती पुरवत असतात. इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनर जोडून दोषाचा संकेतांक वाचता येतो. पण संकेतांक म्हणजे निदान नव्हे. मिश्रणात इंधन कमी पडत असल्याची नोंद आली, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बिघडलाच असे नाही. एखादी रबरी नळी तडकून तिच्यातून जास्तीची हवा आत शिरत असेल, तरीही तीच नोंद येते. अडाणी कारागीर सेन्सर बदलतो, गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि चार दिवसांत दिवा पुन्हा लागतो. जाणकार मात्र एकेक शक्यता तपासून बाद करत मूळ कारणापाशी पोहोचतो. प्रणालीतील चूक शोधताना संगणक अभियंता याहून वेगळे काय करतो? विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये तर शेकडो व्होल्टचा दाब खेळतो. तेथे अर्धवट ज्ञान जिवावर बेतते. तेव्हा शिकलेल्या माणसाचे गॅरेजात काय काम, हा प्रश्नच उलटा आहे. शिकलेली माणसे आजवर तेथे का गेली नाहीत, असे विचारले पाहिजे.

या मानसिकतेचे सारे खापर मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणावर फोडून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. त्या शिक्षणपद्धतीने कारकून घडवले, हे खरेच. परंतु इंग्रज जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. १९५० मध्ये सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. या संस्थांत दहावीला कमी गुण मिळालेल्यांनीच जावे, हे कोणत्या गोऱ्या साहेबाने ठरवले? ते आपणच ठरवले. चार वर्षे अभियांत्रिकी शिकूनही हाती पाना न धरलेला पदवीधर आपल्याला चालतो. दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून इंजिन उतरवणारा मुलगा मात्र आपल्या लेखी ‘शिक्षणात मागे पडलेला’ असतो.

महाराष्ट्राची खरी परंपरा याहून निराळी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पांढरपेशा घराला अभिमान वाटावा अशी ती नोकरी सोडून ते बेळगावात आले आणि तेथे सायकलींच्या दुकानात रमले. त्या हातांनीच पुढे लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज त्यांचे चरित्र आपण मुलांना वाढदिवसाला भेट देतो. त्या चरित्रातला धडा एखाद्या मुलाने खरोखर गिरवायला घेतला, की मात्र आपल्या पायाखालची वाळू सरकते.

परदेशाचा दाखला दिल्याशिवाय ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी तोही देतो. जर्मनीत स्वतःचे मोटारदुरुस्तीचे दुकान काढायचे तर सामान्यतः ‘माइस्टर’ ही अवघड परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्या पदवीला समाजात मान आहे. शिकागो विद्यापीठातून राजकीय तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या मॅथ्यू क्रॉफर्ड यांनी वॉशिंग्टनमधील बौद्धिक नोकरी सोडून मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान थाटले आणि २००९ मध्ये हाताच्या कामाच्या मोलावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. असे पुस्तक तिकडून आले, की आपण ते कौतुकाने वाचतो. तोच विचार घरातल्या मुलाने मराठीत मांडला, की त्याला समुपदेशकाकडे नेतो!

मात्र या वाटेवर निघालेल्या तरुणांनाही दोन खडे बोल सुनावले पाहिजेत. वातानुकूलित कचेरीचा कंटाळा आला, एवढे कारण पुरेसे नाही. गॅरेजात उन्हाळ्यात पत्रा तापतो, वाकून वाकून कंबर धरते, बोटे सोलवटतात आणि पहिली काही वर्षे मिळकत पूर्वीच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. कर्जाचे हप्ते डोक्यावर आणि मुलांची शाळा समोर असताना राजीनामा फेकणे ही बेजबाबदारी आहे. आधी कर्ज हलके करावे, वर्षभराच्या घरखर्चाची तरतूद करावी, सुटीच्या दिवशी एखाद्या गॅरेजात राबून अंगात रग आहे की नाही ते पाहावे. भांडवल आहे म्हणून थेट मालक होऊन काचेच्या खोलीत बसणाऱ्याने मेकॅनिक म्हणवून घेऊ नये. ज्या मिस्त्रीने वयाच्या बाराव्या वर्षापासून पाने पुसत ही विद्या मिळवली, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून ज्याला दोष कळतो, त्याच्यापुढे पदवी बाजूला ठेवून शिष्य म्हणून बसावे लागेल. तो ‘अरे’ म्हणेल, चुकल्यावर चारचौघांत बोलेल; ते सोसावे लागेल. या दोघांच्या देवाणघेवाणीत समाजाचेही हित आहे. एकाला अनुभवाचे शास्त्र सापडेल, दुसऱ्याला शास्त्राचा अनुभव मिळेल आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ‘शिकलेला’ व ‘राबणारा’ ही दरी थोडी तरी बुजेल. हिंदू समाज एकरस व्हावा असे म्हणणाऱ्यांनी ही दरी केवळ सहभोजनाने बुजेल या भ्रमात राहू नये.

शेवटी प्रश्न उरतो तो तुमच्याआमच्या कर्तव्याचा. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या संस्था गावोगावी करिअर मार्गदर्शन शिबिरे घेतात. त्या व्यासपीठावर डॉक्टर असतात, सनदी लेखापाल असतात, संगणक अभियंते तर हमखास असतात. मोटार मेकॅनिकला आपण त्या खुर्चीवर कधी बसवले आहे काय? येत्या वर्षी बसवावे. वस्तीतील उत्तम कारागिराला सन्मानाने बोलवावे, त्याची विद्या त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवावी आणि समोरच्या रांगेत पालकांनाही बसवावे. घरातल्या मुलाने उद्या गॅरेजचा विषय काढला, तर ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न गिळून टाकावा आणि त्याला एवढेच विचारावे, ‘कुणाच्या हाताखाली शिकणार आहेस? आणि किती वर्षे टिकणार आहेस?’ या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला आशीर्वाद देऊन उंबरठ्याबाहेर पाठवण्याची हिंमत आता घरातल्या वडीलधाऱ्यांनी दाखवायची आहे.