जीर्णोद्धाराची सुरुवात स्वतःच्या घरापासून

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमधल्या मोडकळीस आलेल्या वाड्यांवर महापालिकेच्या नोटिसा चिकटतात. वास्तू धोकादायक झाली आहे, ती दुरुस्त करावी अथवा रिकामी करावी, असा त्यांचा आशय. दुरुस्त करणारे थोडे. उरलेले वाडे आणखी एक-दोन पावसाळे काढतात आणि मग एके दिवशी पहारी घेतलेली माणसे कौलांवर चढतात. थोड्याच दिवसांत कित्येक पिढ्यांचा संसार ट्रकमध्ये भरून जातो. साताऱ्यात, वाईत, नाशकात याहून वेगळे घडत नाही. जाणारा-येणारा क्षणभर थांबतो, हळहळतो आणि पुढे जातो. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला एवढी हळहळ शोभते काय, हा आजचा प्रश्न आहे.

वाड्याची रचना म्हणजे इथले हवामान, इथली कुटुंबव्यवस्था आणि इथली कारागिरी यांचा जमवलेला मेळ. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. भार लाकडी सांगाडा पेलतो. भिंती विटांच्या आणि मातीच्या. खालच्या भिंती पक्क्या भाजलेल्या पातळ विटांच्या, तर वरच्या मजल्यावर अनेकदा कच्च्या विटा. मधल्या चौकातून उजेड आणि वारा ओसरीवर, सोप्यात, माजघरात पोहोचतो. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुले, देवघराच्या कोनाड्याची महिरप, दारावरची गणेशपट्टी, अडसर, कडी-कोयंडे यांतील एकेक वस्तू हाताने घडवलेली आहे. हा सागाडा नीट सांभाळला तर आणखी शंभर वर्षे सहज उभा राहू शकतो.

मग वाडे पडतात का? सारा दोष काळावर टाकणे सोपे आहे. १८१८ साली पेशवाई गेली आणि वाड्यांना असलेला राजाश्रय संपला. १८२८ साली शनिवारवाड्याच्या आतील महाल आगीत गेले. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ साली जळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती पुराच्या पाण्यात विरघळल्या आणि घरेच्या घरे खाली बसली. या साऱ्या आपत्ती खऱ्या. परंतु त्यांतून वाचलेल्या वाड्यांचे जे झाले, ते आपल्याच हातून झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच दहा-वीस रुपये असेल, तर त्या वाढीतून एक कौलही बदलत नाही. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती करण्याचा अधिकार नाही, आणि वारसांची नावे उताऱ्यावर वाढत गेली. दोघेही कोर्टात आणि वाडा पावसात, अशी ही कथा आहे.

या दिरंगाईची किंमत किती मोठी असते, हे पुण्यानेच पाहिले आहे. ज्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तो वाडा वर्षानुवर्षे वादात अडकला आणि खचत गेला. अखेर न्यायालयीन लढाई संपून डिसेंबर २०२३ मध्ये जागा ताब्यात आली, तेव्हा स्मारक उभारण्यासाठी मूळ वास्तूच पाडावी लागली. स्मारक होईल, ते भव्यही होईल. पण ज्या उंबरठ्यावरून त्या मुली पहिल्यांदा आत गेल्या, तो उंबरठा पुन्हा घडवता येणार नाही.

आपल्या परंपरेत जीर्णोद्धाराला नव्या बांधकामापेक्षा थोर मानले आहे. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात घेतले जाते ते त्यांनी बांधलेल्या महालांमुळे नव्हे, तर मंदिरे, घाट आणि विहिरी पुन्हा उभ्या केल्यामुळे. आज मात्र जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आपणच उलटा करून टाकला आहे. गावोगावच्या काळ्या पाषाणातील देवळांवर चकचकीत फरशा बसतात, कोरीव खांबांवर ऑइलपेंट फासला जातो आणि देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. हे करणारे परके आक्रमक नाहीत. आपलेच भाविक, आपलेच विश्वस्त आहेत. घरांच्या बाबतीतही तेच. वाडा राखायचा असे ठरवूनही अनेक कुटुंबे त्याचे नुकसानच करतात, कारण दुरुस्ती कशी करावी हे ठाऊक नसते.

उदाहरण द्यायचे तर सिमेंटचे. जुनी भिंत चुन्याची आणि मातीची असते. ती ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, क्षार साठतात आणि वीट आतून भुगा होऊ लागते. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून मरते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. चुना भिजवून, वाळूबरोबर घाणीत मळून, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत आपल्या गवंड्यांना माहीत होती. आजही ती जाणणारे कारागीर शोधले तर सापडतात. लाकडाचेही तसेच. खांब बहुधा पायाशी कुजतो, कारण जोत्यातली ओल तिथे पोहोचते. तेवढा कुजका भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधून बसवता येतो. पूर्ण खांब काढण्याची गरज नसते. ऑइलपेंटचे थर हळूहळू, हाताने उतरवावेत. यंत्राने घासले तर रंगाबरोबर नक्षीही जाते. सर्वांत आधी छप्पर आणि पन्हळी नीट कराव्यात, कारण वरून गळणारे पाणी थांबल्याशिवाय खालचा सारा खर्च वाया जातो. आणि तळमजल्यावर दुकान मोठे करण्यासाठी मधला खांब काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. असा एक खांब हलला की वरचे दोन मजले निराधार होतात.

यावर रास्त आक्षेप असा की, सुखसोयींचे काय? म्हाताऱ्या आईला जिने चढवत नाहीत, सुनेला स्वच्छ न्हाणीघर हवे, मुलांना अभ्यासाला उजेड हवा. हे सारे मिळालेच पाहिजे. वाडा हे संग्रहालय नाही, ते राहते घर आहे. मागच्या अंगणात शौचालय आणि स्वयंपाकघर नवे बांधावे, वीजवाहिन्या नव्या टाकाव्यात. चौक, ओसरी, देवघर आणि दर्शनी बाजू तेवढी मूळची राहू द्यावी. आणि हेही मोकळेपणाने मान्य करू या की, वाड्यातले सारेच जपण्याजोगे नव्हते. माजघराच्या अंधारात विधवांची आयुष्ये कोमेजली. दिंडीच्या उंबरठ्यावर जातीची रेघ ओढलेली होती. खांब ठेवायचे, ती रेघ पुसायची. असा विवेक नसेल तर जीर्णोद्धाराला अर्थ नाही.

तरीही काही वाडे पडतीलच. सर्व वारसदारांचे एकमत होणे कठीण, पैसा अपुरा, सांगाडाच खचलेला. अशा घराला कोणी दोष देऊ नये. पण पाडतानाही पुष्कळ काही वाचवता येते. बहुतेक व्यवहारांत पाडकामाचे लाकूड ठेकेदार घेऊन जातो. त्याचा मोबदला करारात किरकोळ धरला जातो, आणि तेच खांब, तेच दरवाजे पुढे एखाद्या हॉटेलच्या सजावटीत वा शेतघराच्या दिवाणखान्यात दामदुप्पट किमतीने उभे राहतात. आजोबांच्या देवघराची महिरप अनोळखी माणसाच्या जेवणाच्या टेबलामागे लटकताना पाहण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर करारावर सही करण्यापूर्वी घराची मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, प्रत्येक खांबाला, दाराला, तुळईला क्रमांक द्यावा आणि कोणत्या वस्तू कुटुंबाकडे राहतील याची यादी करारालाच जोडावी. नव्या इमारतीच्या प्रवेशाला जुना दिंडीदरवाजा बसू शकतो, जोत्याचे चिरे अंगणात येऊ शकतात, तुळशीवृंदावन पुन्हा मांडता येते. कै. दिनकर केळकर यांनी अशाच मोडून पडणाऱ्या घरांमधून दारे, दिवे, अडकित्ते गोळा केले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महाल पुन्हा उभा केला आणि १९७५ साली सारा संग्रह शासनाला दिला. एका माणसाने, स्वतःच्या खर्चाने हे केले.

शासनाने आणि महापालिकांनी मूळ रूपात राखलेल्या घरांना घरपट्टीत भरीव सवलत द्यावी, चुन्याचे आणि जुन्या सुतारकामाचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून द्यावे, अशी आमची मागणी आहे. पण शासनाची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नाही. संघाच्या आरंभीच्या काळात नागपुरात शाखा भरू लागली ती एका पडक्या मोहितेवाड्यात. तिथले दगड-माती तरुणांनी आपल्या हातांनी हलवली आणि जागा उपयोगात आणली. तीच वृत्ती आज हवी आहे. प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीतील उभ्या असलेल्या वाड्यांची यादी करावी, कुटुंबांना भेटावे, जाणत्या वास्तुविशारदाची आणि कारागिराची गाठ घालून द्यावी, आणि भावाभावांतला वाद मिटत असेल तर तोही मिटवावा.

राष्ट्राचा वारसा गडकोटांत आणि मंदिरांत आहे, तसा तो आपल्या आजीच्या ओसरीतही आहे. गडांसाठी आपण मोहिमा काढतो. ओसरीसाठी निदान एक छायाचित्र, एक मोजपट्टी आणि पहार उचलण्यापूर्वीचे आठ दिवस, एवढे तरी देऊ या.