नायक एक की अनेक?

ताऱ्याचे नाव नसेल तर मराठी प्रेक्षक तिकीटखिडकीशी फिरकत नाही, ही चित्रपट-व्यवसायातली जुनी तक्रार कोल्हापुरातही ऐकू येते. ती अर्धसत्य आहे. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त दादा कोंडके पडद्यावर आले की इतर पात्रे गौण ठरत, प्रेक्षकांना ते मान्यच होते, कारण त्यांनी पैसे मोजले होते ते दादांसाठी. परंतु १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये डॉ. जब्बार पटेलांनी सारा भार एकाच नटावर टाकला नाही. ‘एक गाव बारा भानगडी’चे नायक, कोल्हापूरचेच अरुण सरनाईक, तेथे मुख्यमंत्री झाले, पण निळू फुले, श्रीराम लागू, सतीश दुभाषी यांच्या पंगतीतले एक म्हणून. (खुर्ची हीच जेथे नायिका, तेथे दुसरे काय होणार?) तो चित्रपट अद्याप विस्मरणात गेलेला नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ताऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी गर्दी खेचते. अनेकपात्री चित्रपटाची कीर्ती मात्र तोंडोतोंडी पसरावी लागते. मल्टिप्लेक्सने त्याला दुपारचा एखादा खेळ देऊन पुढच्या शुक्रवारी तोही काढून घेतला, तर शिक्षकाने वा कारकुनाने तो पाहावा केव्हा? मध्ये रविवार एकच येतो. अशा चित्रपटाला निदान दोन आठवडे संध्याकाळचा एक खेळ मिळावा. प्रेक्षकांच्या अभिरुचीला दोष द्यायचा तो त्यानंतर.