ई-कार घेताय? गणपतीचा प्रवास नंतर, आधी पार्किंगमधला प्लग बघा

‘एका चार्जमध्ये गाडी गावाला पोहोचेल का?’ घरात इलेक्ट्रिक कारचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो. गावाला आपण वर्षातून तीन-चार वेळा जातो. ऑफिसला मात्र रोज जातो. त्यामुळे पंधरा लाखांचा निर्णय घेताना हिशेब रोजच्या रस्त्यापासून सुरू करायला हवा.

समजा, गाडीची बॅटरी ४५ युनिटची (किलोवॉट-तासांची) आहे आणि रोजची ये-जा ४० किलोमीटरची. शहरात एका युनिटला साधारण सात किलोमीटर मिळतात. म्हणजे दिवसाला सहा-सात युनिट. पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर तासाला तीन युनिट भरतात, तेव्हा रात्रीचे दोन-सव्वादोन तास पुरे. विजेचा दर युनिटला १० रुपये धरला तरी खर्च ७० रुपयांच्या आत. तेवढ्याच अंतराला लिटरमागे १४ किलोमीटर देणारी पेट्रोल कार सुमारे ३०० रुपये खाते. सिग्नलवर थांबत, ब्रेक मारत जाणाऱ्या शहरी वाहतुकीत तर ही गाडी खुलते, कारण वेग कमी होताना थोडी वीज बॅटरीत परत जाते.

महामार्गावर गणित का उलटते?

पेट्रोल कारला हायवेवर जास्त ॲव्हरेज मिळते, ही आपली वर्षानुवर्षांची सवय. इलेक्ट्रिक कारचे नेमके उलट आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० चा वेग घेतला की तो दीडपटीहून अधिक होतो. समृद्धीवर १२० ने गेलात तर सव्वादोन पट. युनिटमागचे सात किलोमीटर मग साडेपाचवर येतात. बोरघाट चढताना दोन-तीन युनिट जादा जातात. उतरताना त्यातले काही परत मिळतात, सगळे नाही. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा चाचणीतला असतो, एसी लावून चार माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीचा नसतो.

त्यामुळे पूर्ण चार्जवर निघालात तर १० टक्के शिल्लक ठेवून सव्वादोनशे किलोमीटर धरा. पुढचे टप्पे त्याहून लहान, कारण फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो आणि तिथे ताटकळण्यात अर्थ नसतो. मुंबई-कोल्हापूरला वाटेत एक थांबा, सावंतवाडीला दोन. प्रत्येकी पाऊण ते एक तास. एरवीच्या शनिवारी मिसळ-चहात हा वेळ निघून जातो. द्रुतगती महामार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर राज्याने ई-कारना टोलमाफी दिली आहे, तोही फायदा आहेच.

खरी अडचण गर्दीची आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी चार्जरवर तुमच्या आधी दोन गाड्या असतील, तर तुमचा प्लग लागायलाच दीड तास जाईल. पेट्रोल पंपावरची दहा गाड्यांची रांगही त्याआधी संपते. त्यात चार्जर बंद असला तर पुढचा गाठायला बॅटरीत शिल्लक हवी. शिवाय प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, वॉलेट वेगळे. (फास्टॅग एक झाला, हे का होत नाही?) गावी पोहोचल्यावरही घरातल्या प्लगला अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच घेत नाहीत.

मग घ्यायची की नाही?

पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल आणि महिन्याला हजारभर किलोमीटर होत असतील, तर माझ्या मते बेलाशक घ्या. गणपतीला रेल्वेचे तिकीट काढा किंवा भाड्याची गाडी करा. रोजच्या बचतीतून तो खर्च सहज भागतो. दर आठवड्याला पुणे-नागपूर करणाऱ्या विक्री प्रतिनिधीला मात्र हा सल्ला मी देणार नाही.

आणि प्लग नसेल तर? मग रोजचा प्रवास कितीही छोटा असला तरी थांबा. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला घरच्या दुप्पट पैसे मोजून, आठवड्यातून दोनदा तासभर बसून राहण्यात बचतही नाही आणि सोयही नाही. घरच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुभा आहे. तरीही जुन्या सोसायट्यांत मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल कोण टाकणार, इमारतीचा वीजभार पुरेल का, यावर विषय महिनोन्महिने अडतो. त्यामुळे शोरूममध्ये टोकन देण्यापूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या, इलेक्ट्रिशियनला पार्किंग दाखवा आणि परवानगी हातात आल्यावरच गाडीचा रंग निवडा.